रडवणारं पुस्तक आहे का?

वीकेंडला सगळी दुनिया फील-गुड शोधत असताना काही जण मात्र हळूच विचारतात, 'एखादी डार्क कादंबरी सुचव ना!' अशा मंडळींसाठी ही खास शिफारस. रुमाल जवळ ठेवा.

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसची बस ट्रॅफिकमध्ये ठार अडकलेली. शेजारच्या सीटवरच्या मैत्रिणीनं विचारलं, 'वीकेंडला काय वाचतेयस?' मी हातातलं पुस्तक दाखवलं.

'स्टोरी काय आहे?'

'जग संपलंय. सगळीकडे राख. एक बाप आणि त्याचा छोटा मुलगा रस्त्यानं चालत निघालेत. खायला काही नाही. बाप आजारी आहे.'

मी डब्यात कारल्याचा रस आणला असावा, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं. 'अगं, आठवडाभर क्लायंट रडवतो तेवढं पुरत नाही का तुला?'

तिचं अगदीच चूक नाही. आठवडाभर डेडलाइन्सच्या मागे धावल्यावर शनिवारी कुणाला पिझ्झा आणि कॉमेडी हवी असेल, तर त्यात गैर काय? पण माझ्या ओळखीत दुसऱ्या जातकुळीचे वाचकही बरेच आहेत. पुस्तकांचा विषय निघाला, की ते जरा बाजूला घेतात आणि आवाज खाली आणून विचारतात, 'कुणीतरी जातं, घर पार कोसळतं, आणि तरी कुणीतरी तगून राहतं... असं काही आहे का गं?' चोरून काही मागावं तसं मागतात. नंतर गप्पांच्या ओघात कळतं, की कुणाची आई गेलीय, कुणाचा भाऊ. त्या गोष्टीबद्दल ते ऑफिसात कधी एक अक्षर बोललेले नसतात.

मीही त्यातलीच. मी अशी कशी झाले ते आधी सांगते, म्हणजे पुढची यादी अशी तिरपागडी का आहे ते कळेल.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. गुरुवार होता. दुपारी साडेचार ते साडेसहा मीटिंग, फोन सायलेंटवर. बाहेर आले तर दादाचे सात मिस्ड कॉल. अकोल्याला बाबांना हार्ट अटॅक आला होता. मी रात्रभराच्या बसनं पोचले तेव्हा अंगणात माणसं बसली होती आणि सगळे माझ्यासाठीच थांबले होते. बाबा मात्र आदल्या संध्याकाळी सव्वासहालाच गेले होते. म्हणजे मी मीटिंगमध्ये स्लाइड बदलत होते तेव्हा.

ऑफिसच्या पॉलिसीत अशा वेळी तीन दिवसांची रजा होती. शनिवार-रविवार धरून पाच झाले. दहाव्याला मी पुण्यात डेस्कवर होते. पिंडाला कावळा शिवला का, हे मला व्हॉट्सअॅपवर कळलं. टीममधले सगळे खूप चांगले वागले हं. कुणी कॉफी आणून दिली, कुणी मिठी मारली, एकानं 'पॉझिटिव्ह राहण्याचे एकवीस मार्ग' छापाचं पुस्तक प्रेझेंट दिलं. 'बिझी राहा' हा सल्ला तर सगळ्यांनीच दिला. मी राहिले बिझी. इतकी की दोन महिने मला रडूच आलं नाही.

मग एका रविवारी रूममेटच्या कपाटातली 'कोसला' हाती लागली.

उशिरा पोचलेले

भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ सालची. लिहिली तेव्हा लेखक पंचविशीतला. कॉलेजात असताना अनेकांनी ती 'कूल' म्हणून वाचलेली असते. खानदेशातल्या सांगवीहून पुण्यात शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर, होस्टेल, मेस, गॅदरिंग, सगळ्यांची टर उडवत चाललेली 'वगैरे वगैरे'ची भाषा. मीही तशीच वाचली होती आणि जाम हसले होते. त्या पुस्तकाच्या मध्यावर काय आहे, हे मी चक्क विसरले होते.

मध्यावर मनी आहे. पांडुरंगची धाकटी बहीण. ती देवी येऊन मरते. आज पन्नाशीच्या आतल्या कुणाला देवी म्हणजे काय हे आजी-आजोबांच्या दंडावरच्या लशीच्या खुणेवरूनच ठाऊक असतं. आपल्या देशातली शेवटची केस १९७५ मधली. पण साठीच्या दशकात, लस असूनही, पोरं जात होती. पांडुरंग तेव्हा घरी नसतो, पुण्यात असतो. इथवर टवाळी करणारी ती भाषा एकदम तुटायला लागते. आपण नसताना घरात काय काय झालं असेल, हे तो मनात पुन्हा पुन्हा घोळवतो. संताप नेमका कुणावर आहे हे त्यालाच कळत नाही. बापावर, घरावर, स्वतःवर? नेमाडे त्याला समजावत नाहीत आणि वाचकालाही नाही. कुणी पाठीवर हात ठेवत नाही, 'काळ हे औषध' वगैरे म्हणत नाही.

ती पानं मी तीन वेळा वाचली. दोन महिन्यांत पहिल्यांदा रडले, ते तेव्हा. एका न पाहिलेल्या, कागदावरच्या मुलीसाठी रडले, असं रूममेटला सांगितलं. तिला ते खरं वाटलं असेल असं नाही.

तेव्हापासून उशिरा पोचलेल्या माणसांच्या कादंबऱ्या मी शोधत असते. त्यातली सगळ्यात देखणी म्हणजे मॅगी ओफॅरेल यांची 'हॅम्नेट'. शेक्सपिअरला हॅम्नेट नावाचा मुलगा होता, आणि तो १५९६ मध्ये अकरा वर्षांचा असताना वारला. एवढ्याच माहितीच्या आधारावर ही कादंबरी उभी आहे. त्यानंतर चारेक वर्षांनी बापानं लिहिलेल्या नाटकाचं नाव 'हॅम्लेट', आणि त्या काळात ही दोन्ही नावं एकच मानली जायची. गंमत म्हणजे अख्ख्या पुस्तकात शेक्सपिअरचं नाव एकदाही येत नाही. तो कुणाचा तरी नवरा आहे, कुणाचा तरी बाप आहे, नोकरीसाठी लंडनला राहणारा. ओळखीचं वाटतंय ना? घरून निरोप येतो की मुलगी आजारी आहे. तो जिवाच्या आकांतानं घर गाठतो. मुलगी दारात जिवंत दिसते, त्याचा जीव भांड्यात पडतो. आणि मग त्याला कळतं की गेलाय तो तिचा जुळा भाऊ.

त्यानंतर आई मुलाला शेवटची अंघोळ घालते, ती पानं संथ आहेत. लेखिका घाई करत नाही. मुलाच्या अंगावरची एकेक खूण, गुडघ्यावरचं खरचटलेलं, सगळं आई पाहते. वाचताना वाटलं, आपल्याकडे हे सगळं करायला माणसं होती, वेळ होता, ठरलेले दिवस होते. आपणच ते कॅलेंडरच्या इन्व्हाइटमध्ये बसवलं. पुस्तक २०२० मध्ये आलं, नेमकं लॉकडाऊन सुरू होताना. त्यात प्लेगचा जंतू एका पिसवेबरोबर अलेक्झांड्रियाहून जहाजानं प्रवास करत इंग्लंडमधल्या एका छोट्या गावापर्यंत कसा येतो, याचं एक अफलातून प्रकरण आहे. लिहिताना लेखिकेला पुढचं काय ठाऊक असणार! २०२५ मध्ये क्लोई झाओ यांनी यावर सिनेमा केला. तो पाहिला असेल तरी पुस्तक वाचा. पिसवेसाठी तरी वाचा.

कोकचा एक कॅन

आता बसमधलं ते पुस्तक. कॉर्मॅक मॅकार्थी यांची 'द रोड'. २००६ मध्ये आली, २००७ मध्ये पुलित्झर मिळालं, नंतर सिनेमाही निघाला. तीनशेच्या आत पानं आणि अगदी छोटे छोटे परिच्छेद. म्हणजे बसमध्ये वाचायला एकदम सोयीचं. विषय मात्र बसमध्ये वाचावा असा नाही.

जगाचं काय झालं हे लेखक सांगत नाही. झाडं मेलीत, सूर्य दिसत नाही, उरलेली माणसं एकमेकांना खायला उठलीत. मुलाची आई यातून आधीच निघून गेलीय, स्वतःच्या मर्जीनं. बाप आणि मुलगा सुपरमार्केटची ट्रॉली ढकलत दक्षिणेला समुद्राकडे निघालेत. दोघांना नावं नाहीत. पिस्तुलात गोळ्या मोजून दोन, आणि त्या कशासाठी ठेवल्यात हे आपल्याला लवकरच कळतं. आपण पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघायला लागतो.

या सगळ्या राखेत एक प्रसंग आहे. बापाला एका मोडक्या मशीनमध्ये कोका-कोलाचा एक कॅन सापडतो. मुलानं आयुष्यात कधी कोक प्यायलेलं नाही. बाप तो कॅन त्याला देतो. मुलगा पितो, आणि मग बापालाही घे म्हणतो. कारण त्याला कळलंय की हे पुन्हा कधीच मिळणार नाही. बस्स, इतकंच.

आमच्या घरी बाबा आंबा कापायचे तेव्हा फोडी आम्हाला आणि कोय त्यांना. 'मला कोयच आवडते' असं ठासून सांगायचे. तीस वर्षांची होईपर्यंत मला ते खरं वाटत होतं. 'द रोड'मधला तो कॅन वाचला आणि मी बसमधून उतरून पुढचे दोन स्टॉप चालत गेले.

मॅकार्थींनी एका मुलाखतीत सांगितलं होतं, की आपल्या लहान मुलाला घेऊन ते एल पासोच्या एका हॉटेलात उतरले होते. रात्री मुलगा झोपलेला असताना खिडकीतून गावाकडे पाहताना ही कल्पना सुचली. तेव्हा ते साठीच्या पुढे होते. या वयात बाप झालेल्या माणसाला कशाची भीती वाटत असेल, हे ओळखणं कठीण नाही. पुस्तक त्यांनी त्या मुलालाच अर्पण केलंय. मॅकार्थी २०२३ मध्ये गेले. मला ही कादंबरी जगबुडीची वाटतच नाही. आपण गेल्यावर आपलं मूल कसं जगेल, या प्रत्येक बापाच्या रात्रीच्या काळजीचं ते पुस्तक आहे.

आणि आया?

आयांची पुस्तकं मी मुद्दाम नंतर वाचायला घेतली, कारण आई आहे, आणि भीती वाटते.

मराठीतली 'धग' वाचली नसेल तर आजच मागवा. उद्धव शेळके, १९६०. वऱ्हाडातलं गरीब शिंपी कुटुंब आणि त्यातली कौतिक. नवरा हातपाय न हलवणारा, पुढे त्याला महारोग होतो. कौतिक संसार सावरायला जाते तो दुसरीकडून ढासळतो. संवाद अस्सल वऱ्हाडी. मी अकोल्याची, त्यामुळे मला ते आमच्या गल्लीतून ऐकू आल्यासारखे वाटले. पुण्या-मुंबईच्या वाचकांना पहिली वीस-पंचवीस पानं अडखळायला होईल. थांबा जरा. कान सरावतात. 'गरिबीवरची कादंबरी' असं म्हणून अभ्यासक्रमात तिला पार बोअर करून टाकलंय, पण कौतिकसारखी जिद्दी नायिका मी नंतरच्या कुठल्याच सीरिजमध्ये पाहिली नाही.

तिकडे ग्लासगोमध्ये तिची एक लांबची बहीण आहे. अॅग्नेस बेन. डग्लस स्टुअर्ट यांच्या 'शगी बेन'ची आई. १९८० चं दशक, खाणी बंद पडलेल्या, पुरुष बेकार, आणि सगळ्या वस्तीत ही एकटीच लिपस्टिक लावून, केस सेट करून, हील्स घालून वावरणारी. आतून मात्र दारूनं पोखरलेली. धाकट्या शगीला वाटतं की आपण पुरेसं प्रेम केलं तर आई बरी होईल. पुस्तकभर तो प्रयत्न करतो. लेखकाची स्वतःची आई व्यसनापायी गेली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. पुढे तो न्यूयॉर्कमध्ये फॅशन डिझायनर झाला, मोठमोठ्या ब्रॅण्ड्ससाठी काम केलं, आणि नोकरी सांभाळून दहा वर्षं ही कादंबरी लिहीत राहिला. तीसहून अधिक प्रकाशकांनी नाकारली. २०२० मध्ये तिलाच बुकर मिळालं. 'जॉब करून लिहायला वेळ कुठे मिळतो' म्हणणाऱ्यांनी (यात मीही आले) नोंद घ्यावी.

आणि माहीम! जेरी पिंटो यांची 'एम अँड द बिग हूम' ही २०१२ ची कादंबरी. माहीमचा वन बेडरूम-हॉल-किचन फ्लॅट, चार जणांचं गोवन कॅथलिक कुटुंब. आई, म्हणजे एम, मनाच्या आजारानं ग्रासलेली. जीव द्यायचे प्रयत्न, जे. जे. हॉस्पिटलचा वॉर्ड, पुन्हा घर. असं सांगितलं की कुणी वाचणार नाही, म्हणून हेही सांगते, की ती बाई प्रचंड विनोदी आहे. बिड्या फुंकत, चहा पीत, स्वतःच्याच पोरांसमोर वाट्टेल ते बोलते. तुम्ही फिस्सकन हसता आणि पुढच्याच ओळीला घशात काहीतरी अडकतं. कमी बोलणारा, सगळं गुपचूप उचलणारा बाप हा या पुस्तकातला माझा सगळ्यात लाडका माणूस. शांता गोखले यांनी मराठीत आणलंय, 'एम आणि हूमराव' या नावानं. मुंबईकरांनो, इंग्रजी नको असेल तर हा अनुवाद घ्या. नावातच अनुवादाची ऐट कळते.

टोनी मॉरिसन यांची 'बिलव्हेड' (१९८७) इथे एका ओळीत उरकणं हा अन्याय आहे, पण ती नवशिक्यांसाठी नाही. गुलामगिरीतून पळालेली आई पकडली जाण्याच्या क्षणी लेकीला स्वतःच्या हातानं मारते. यामागे १८५६ मधली मार्गारेट गार्नर या स्त्रीची खरी घटना आहे. दहा-बारा कादंबऱ्या पचवल्यावर वळा तिकडे. तसंच हान कांग यांचं 'ह्युमन अॅक्ट्स'. १९८० मध्ये दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू शहरात लष्करानं आंदोलकांवर गोळ्या चालवल्या, त्यात मारल्या गेलेल्या एका शाळकरी मुलाभोवती ते फिरतं. त्यातली म्हातारी आई रस्त्यात दिसलेल्या एका पोराच्या मागे मागे जाते, कारण तो तिच्या मुलासारखा चालतो. हान कांगना २०२४ मध्ये नोबेल मिळालं. या एका प्रकरणावरही मिळायला हरकत नव्हती.

'अ लिटल लाइफ'चं काय, हे तुम्ही विचारणारच. हानया यानागिहारा, २०१५, सातशेच्या वर पानं, आणि ती वाचून ढसाढसा रडणाऱ्या लोकांचे रील्स. फॅन्सची माफी मागून सांगते, मला ती पटली नाही. सुरुवातीची मैत्रीची पानं सुरेख आहेत, ज्यूडला दत्तक घेणारा हॅरॉल्ड तर फारच गोड. पण नंतर नंतर लेखिका त्या बिचाऱ्या ज्यूडवर एकामागून एक संकटं अशी लादत जाते, की मला दुःखापेक्षा लेखिकेचा हातच जास्त दिसायला लागला. 'द रोड'मध्ये राख आहे, पण कोकचा तो कॅनही आहे. इथे माझ्या हाती तसलं काही लागलं नाही. शिवाय स्वतःला इजा करून घेण्याची वर्णनं फार तपशिलात आहेत. मन आधीच नाजूक असेल तर खरंच नका वाटेला जाऊ.

त्यावरून आठवलं. घरातलं माणूस जाऊन आठ-पंधरा दिवसच झाले असतील, तर यातलं काहीही वाचू नका. तेव्हा वरणभात खा, झोपा. आणि महिनोन्महिने झोपच येत नसेल, जगणंच नको वाटत असेल, तर ते काम कादंबरीचं नाही, डॉक्टरचं आहे. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, तिथे मराठीतही बोलता येतं. आणखी एक अनुभवाचा सल्ला म्हणजे ही पुस्तकं रात्री अंथरुणात घेऊ नका. रविवारी सकाळी, पोहे खाऊन, उजेडात वाचा. शेवटची पन्नास पानं लोकलमध्ये तर अजिबात नको. शेजारची बाई पाण्याची बाटली पुढे करते, आणि मग सगळं सांगत बसावं लागतं.

आता राहिलं एकच. 'कोसला'तल्या पांडुरंगला जे छळत होतं, तेच मलाही छळत होतं. त्या दोन तासांत आमच्या घरात नेमकं काय झालं? मी ते कधी विचारलंच नव्हतं. दादाला नाही, आईला नाही. तेही आपणहून बोलले नव्हते. आम्ही सगळे एकमेकांना जपत होतो. गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा बॅगेत 'हॅम्नेट' होतं. आई फराळाचे डबे भरत होती. मी ओट्याशी उभी राहून तिला त्या अंघोळीच्या पानांबद्दल सांगितलं, आणि सांगता सांगता विचारून टाकलं.

आईनं चकल्यांचा डबा बंद केला आणि खाली बसली. म्हणाली, चारला चहा झाला. साखर कमी आहे म्हणून कुरकुर केली तुझ्या बाबांनी. मग छातीत दुखतंय म्हणाले. दादा तुला फोन लावत होता, तर यांनीच त्याला ओरडून सांगितलं, 'तिला कशाला घाबरवतोस, कामात असेल ती.' पहिल्या कॉलनंतरच म्हणाले होते. दादानं ऐकलं नाही, लावतच राहिला.

बराच वेळ आम्ही दोघी तिथेच बसून होतो. तेल गार झालं होतं. मग ती डोळे पुसून म्हणाली, 'ते पुस्तक मराठीत नाही का गं?'

ते नव्हतं माझ्याकडे. 'धग' होती, ती ठेवून आले. फोनवर सांगते, चष्म्याचा नंबर वाढलाय, रोज चारच पानं होतात. आणि कौतिकच्या नवऱ्यावर जाम भडकलीय.